शमीचा वृक्ष आणि विमानाचें पोट

प्रवासास निघतांना बरोबर काय घ्यावें आणि काय घरीं ठेवावें, या प्रश्नावर आमच्या घरांत पूर्वीं कधीं वाद झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा, एवढ्यांत सारें आटोपत असे. आगगाडीस आपल्या सामानाशीं फारसें कर्तव्य नसे. तें जड असलें तर हमाल चार पैसे जास्त मागे, आणि लांब असलें तर बाकाखालीं न जातां येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत येई. त्यापलीकडे कोणी चौकशी करीत नसे. विमानाची गोष्ट निराळी आहे. विमान सामानास तीन प्रश्न विचारतें : तूं किती जड आहेस, तूं किती लांब आहेस, आणि तुझ्याकडून काय घडूं शकेल? यांतील पहिले दोन प्रश्न व्यापाऱ्याचे आहेत. तिसरा राजाचा आहे. साध्या प्रवाशास यांपैकीं एखाद्याच प्रश्नाशीं गांठ पडते. खेळाडूस मात्र पुष्कळदां तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकाच काउंटरवर उभ्यानें द्यावीं लागतात.

आमचें वास्तव्य सातपुरास. नाशिकांतून त्र्यंबकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीला लागून आमची ही वस्ती लागते. आमचें सारें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें, त्यामुळें धनुष्याशीं आमचा परिचय होता तो रामायण-महाभारतांतला. तें एके दिवशीं प्रत्यक्ष आमच्या घरीं येऊन पुस्तकांच्या कपाटाशेजारीं मुक्काम करील, हें स्वप्नांतही आलें नव्हतें. परंतु आमची नात धनुर्विद्या शिकूं लागली आणि तसें घडलें खरें. स्पर्धा कधीं पुण्यास, कधीं दूर उत्तरेस. वार्षिक परीक्षा तोंडावर. मग आगगाडीचे दोन दिवस वांचविण्यासाठीं विमान आलें, आणि विमानाबरोबर त्याचे नियम आले. ते नियम वाचून समजावून सांगण्याचें काम सूनबाईंनीं आमच्याकडे सोंपविलें. "बाबा, सूत्रें लावण्याची संवय तुम्हांलाच आहे," असें त्या म्हणाल्या. तेव्हांपासून जें कळलें तें समानधर्मी वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें मांडीत आहों.

आपल्या देशांतील नियम थोडक्यांत असा आहे. क्रिकेटची किंवा बेसबॉलची बॅट, हॉकीची स्टिक, गोल्फची व बिलियर्डची काठी, धनुष्य आणि बाण यांपैकीं कांहींही हातांत घेऊन विमानांत बसतां येत नाहीं. तें काउंटरवर सुपूर्द करावें लागतें, आणि विमानाच्या पोटांतून जातें. बॅडमिंटनची रॅकेट या यादींत नाहीं, म्हणून ती बहुधा हातांतून जाऊं देतात. तथापि अखेरचा शब्द तपासणीच्या दारावर उभ्या असलेल्या जवानाचा असतो, आणि तेथें वाद घालणें शहाणपणाचें नव्हे. बंदुकीचा नियम अर्थातच सर्वांत कडक. ती रिकामी हवी, परवाना दाखवून काउंटरवर जाहीर केलेली हवी, आणि कुलुपबंद पेटींतून पोटांतच जायला हवी. खेळाच्या काडतुसांस आंतरराष्ट्रीय नियमानें माणशीं ५ किलोंची मर्यादा आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीची हवा भरलेली टाकी रिकामी केल्यावांचून नेतां येत नाहीं. २०२४ च्या ऑगस्टांत पॅरिसच्या ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे. पण त्यांच्या सरावाचीं कांहीं वर्षें नाशिकांत गेलीं असल्यानें आम्हां नाशिककरांस त्या पदकाचा आनंद अंमळ अधिकच झाला. ती बातमी वाचतांना आमच्या मनांत आलें कीं, निशाणापर्यंत पोंचण्याआधीं त्या रायफलीनें किती काउंटरें ओलांडलीं असतील!

पुष्कळांस हा नियम अपमानकारक वाटतो. "चौदा वर्षांच्या मुलाच्या हातांतली बॅट म्हणजे का शस्त्र?" असा प्रश्न विमानतळावरच्या रांगेंत आम्हीं स्वतः ऐकला आहे. प्रश्न मोठा स्वाभाविक आहे. परंतु नियम बॅट कोणाच्या हातांत आहे हें पाहत नाहीं. ती कोणाच्याही हातांत गेली तर काय होईल, हें पाहतो. १९९९ च्या डिसेंबरांत आपलें विमान कंदाहारला पळवून नेण्यांत आलें. २००१ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत विमानेंच शस्त्रें झालीं. त्यानंतर सर्वत्र तपासणी कडक झाली ती उगीच नव्हे. २०१३ च्या मार्चांत अमेरिकेच्या सरकारी खात्यानें हॉकीच्या स्टिका, बिलियर्डच्या काठ्या आणि माणशीं दोन गोल्फच्या काठ्या विमानांत हातीं घेऊं देण्याचें ठरविलें होतें. त्याच सवलतींत लहान चाकूही होते. विमानांत काम करणाऱ्या सेवकवर्गानें त्यास जोराचा विरोध केला, आणि जूनमध्यें तो सारा बेत सोडून देण्यांत आला. बंद जागेंत, तीस हजार फूट उंचीवर, ज्यांस रोज काम करावें लागतें त्यांचें म्हणणें ऐकलें गेलें, हें योग्यच झालें असें आम्हांस वाटतें.

आणि ही रीत आपल्याकडे कांहीं नवी नाहीं. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत कण्वाच्या आश्रमांत शिरण्यापूर्वीं आपले अलंकार आणि धनुष्य सारथ्याच्या स्वाधीन करतो. तो सम्राट होता; त्यास अडविणारा कोणी जवान तेथें नव्हता. तपोवनांत शस्त्र नेऊं नये एवढें त्याचें त्यासच कळत होतें. विराटाच्या नगरींत शिरतांना पांडवांनीं काय केलें, तें तर प्रत्येक दसऱ्यास आपण स्मरतों. धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या, सारीं आयुधें एकत्र बांधलीं, आणि स्मशानाजवळच्या शमीवर ठेवून दिलीं. कोणी हात लावूं नये म्हणून त्या झाडास त्यांनीं एक प्रेत बांधलें, आणि ही आमची म्हातारी आई, कुळाची रीतच आहे, असें गुराख्यांस सांगितलें. आमच्या नातीनें हा भाग ऐकला तेव्हां ती हंसत म्हणाली, "आजोबा, आम्ही तर नुसती 'नाजूक वस्तु' अशी चिठ्ठी लावतों. पांडवांची युक्ति जास्त लागू पडेल!" तिच्या खेळाचें धनुष्यही प्रवासांत तसेंच जातें. दोरी उतरवायची, मधली मूठ व दोन्ही पातीं सुटीं करायचीं, बाण निराळ्या नळींत भरायचे, आणि सारें एका टणक पेटींत बसवायचें. चाकांचें जें दुसऱ्या जातीचें धनुष्य असतें, ज्यावर साताऱ्याच्या अदिती स्वामी २०२३ सालीं बर्लिन येथें सतराव्या वर्षीं जगज्जेत्या झाल्या, तें असें सहज सुटें होत नाहीं; तें अखंडच पेटींत घालावें लागतें.

आतां व्यापाऱ्याचे दोन प्रश्न. देशांतल्या प्रवासांत साध्या तिकिटावर हातांत ७ किलो आणि पोटांत १५ किलो, असा बहुतेक कंपन्यांचा रिवाज आहे. पुरुषांच्या गोळाफेकीचा गोळा ७.२६ किलोंचा असतो. म्हणजे मुठींत मावणारी ही एकच वस्तु हातांतल्या सामानाची सारी मर्यादा ओलांडून वर पाव किलो उरते! याच्या उलट प्रकार नौकेचा. एकट्यानें वल्हवावयाच्या शर्यतीच्या नौकेचें किमान वजन १४ किलो ठरलेलें आहे. वजनाच्या हिशेबानें ती १५ किलोंत सुखानें बसते. परंतु लांबीला ती सुमारें ८ मीटर असते, आणि कोणतेंही प्रवासी विमान तिला सामान म्हणून घेणार नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील चांदवड तालुक्याच्या तळेगांव रोही येथील दत्तू भोकनळ, ज्यांनीं पूर्वीं वडिलांबरोबर विहिरी खणण्याचें काम केलें, २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकांत याच प्रकारांत उतरले आणि तेरावे आले. या खेळांतले लोक परदेशीं गेले म्हणजे बहुधा स्पर्धेच्या ठिकाणींच नौका भाड्यानें घेतात. पुरुषांचा भाला २.६ ते २.७ मीटर लांब, वजन अवघें ८०० ग्रॅम. त्याची नळी विमानांत नेण्यासाठीं आधीं विचारून ठेवावें लागतें. सायकलीचीं पायटीं काढावयाचीं, हँडल वळवावयाचें, चाकांतली हवा उतरावयाची.

ज्यास कांहींच न्यावें लागत नाहीं, त्याचें भाग्य थोर म्हणावयाचें. कविता राऊत यांचा सावरपाडा आमच्या या त्र्यंबकच्याच बाजूस. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं १०,००० मीटरच्या शर्यतीचें कांस्यपदक मिळविलें. धांवणाऱ्यास जोडा तेवढा न्यावा लागतो, आणि तो हातांतल्या पिशवींत मावतो. मल्लखांबाचें मात्र तसें नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळच्या बाळंभटदादा देवधरांनीं ही विद्या पुन्हां जागी केली, आणि तिची स्फूर्ति त्यांस आमच्या वणीच्या सप्तशृंगीवर झाली, अशी परंपरा आहे. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ बर्लिनला आपले देशी खेळ दाखविण्यास गेला, तेव्हां प्रवास बोटीचा होता; बोटीच्या तळांत लांकूडफांट्यास जागेची वाण नसते. आज सागवानी खांब विमानानें न्यावयाचा तर तो प्रवाशाचें सामान म्हणून जात नाहीं, मालवाहतुकीनें जातो. दोरीचा मल्लखांब मात्र वेटोळें करून पिशवींत बसतो. खांबास लावावयाचें एरंडेल परदेशच्या प्रवासांत हातांतल्या पिशवींत १०० मिलिलिटरांच्या बाटलीपलीकडे चालत नाहीं. तें पोटांत ठेवावें.

या साऱ्यांत पैशाची बाजू आहे, आणि ती लहान नाहीं. १५ किलोंपलीकडच्या प्रत्येक किलोस दाम मोजावे लागतात. आकारानें मोठ्या पेटीस निराळे. धनुष्याची पेटी, बाणांची नळी, कपडे, वह्या एवढ्यानेंच १५ किलो केव्हां भरतात तें कळत नाहीं. १९५२ सालीं खाशाबा जाधव हेलसिंकीस निघाले तेव्हां प्रवासखर्चासाठीं वर्गणी आणि कर्ज करावें लागलें होतें. कुस्तीस अवजार लागत नाहीं म्हणून निदान सामानाचा खर्च तरी वांचला. आज तिकीट स्वस्त झालें आहे असें म्हणतात. पण ज्या घरांत बाप कारखान्यांत पाळीवर जातो आणि मुलगा भाला फेंकतो, त्या घरांत पेटीचें भाडें हा महिन्याच्या हिशेबाचा प्रश्न होतो. आमच्या सातपुरांत अशीं घरें पुष्कळ आहेत. नियम सर्वांस सारखा आहे हें खरें. त्याचा भार सर्वांस सारखा नाहीं, हेंही तितकेंच खरें.

परंतु आम्हीं लेखणी हातीं घेतली ती भाड्यासाठीं नव्हे. दोन वर्षांमागें आमची नात वडिलांबरोबर उत्तरेकडील एका शहरीं स्पर्धेसाठीं गेली. अठरा वर्षांखालील गट. त्या गटांतलें तिचें तें शेवटचें वर्ष. मुंबईस पेटी रीतसर सुपूर्द झाली, पावती मिळाली. तेथें उतरल्यावर सरकत्या पट्ट्यावरून सर्वांच्या पेट्या आल्या, तिची आली नाहीं. कंपनीच्या माणसांनीं सौजन्यानें दिलगिरी दाखविली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ६० मीटरांवरून ७२ बाण सोडावयाचे होते. पेटी आली ती त्या दिवशीं संध्याकाळीं.

ज्यांस या खेळाची माहिती नाहीं त्यांस वाटेल, दुसऱ्याचें धनुष्य घ्यावें म्हणजे झालें. दुसऱ्या प्रांतांतल्या एका मुलीनें खरोखरच आपलें जादा धनुष्य मोठ्या मनानें तिला दिलें. परंतु धनुष्य हें जोड्यासारखें असतें. त्याची ओढ ज्याच्या त्याच्या दंडाच्या बळाप्रमाणें पौंडांत ठरविलेली असते. बाणाची लांबी ज्याच्या त्याच्या हाताच्या लांबीप्रमाणें कापलेली असते, आणि बाणाचा ताठपणा त्या ओढीशीं जुळविलेला असतो. उसनें धनुष्य तिच्या धनुष्याहून चार पौंड जड होतें. पहिले तीस बाण बरे गेले. मग दंड थरथरूं लागला. तिच्या नेहमींच्या गुणांहून शंभरावर गुण कमी पडले, आणि पुढच्या फेरीचें दार मिटलें.

घरीं आल्यावर ती रडली नाहीं. तिनें पेटी उघडून एकेक भाग पुसला, पुन्हां बसवून ठेवला, आणि आम्हांस एवढेंच विचारलें : "आजोबा, धनुष्य त्यांनीं माझ्या हातांतून घेतलें तें मला पटतें. पण घेतल्यावर तें सांभाळायचें कोणी?"

या प्रश्नाचें उत्तर आमच्या शास्त्रकारांनीं फार पूर्वीं देऊन ठेवलें आहे. मनूनें व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत पहिलें ऋणादान आणि लगेच दुसरें निक्षेप, म्हणजे ठेव. राजानें ज्यांचा निवाडा करावयाचा त्या तंट्यांत कर्जाच्या खालोखाल ठेवीस स्थान आहे. ठेव जशी दिली तशीच परत मिळाली पाहिजे, हा त्यांतला गाभा. जी वस्तु मालक आपखुशीनें सोंपवितो तिच्याविषयीं हा दंडक; मग जी वस्तु नियमानें त्याच्या हातांतून काढून घेतली जाते, तिच्याविषयीं जबाबदारी अधिकच नको काय? आजचा कायदा काय म्हणतो तेंही आम्हीं पाहिलें. देशांतल्या प्रवासांत सामान हरवलें वा बिघडलें तर कंपनीची जबाबदारी साधारणतः माणशीं २०,००० रुपयांपर्यंत धरलेली आहे. परदेशच्या प्रवासास १९९९ चा माँट्रिअलचा करार लागतो. भारत त्यांत २००९ सालीं सामील झाला. तेथील मर्यादा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबांतील १,५१९ एककांची, म्हणजे दीड लाख रुपयांच्या वर, २०२४ च्या डिसेंबरअखेरीपासून झाली आहे. स्पर्धेच्या धनुष्याचा सारा संच लाखाच्या घरांत जातो. देशांतली मर्यादा त्याच्या पांचव्या हिश्श्यास पुरेल. आणि शेवटचें वर्ष ज्याचें हुकलें, त्याच्या वर्षाची किंमत कोणत्याच कोष्टकांत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें दुहेरी आहे. नियमाबद्दल कुरकुर करूं नये. दुष्यंतास जें कळलें तें आपल्यास कळावें. परंतु घेणाऱ्यानेंही ही ठेव आहे हें विसरूं नये. स्पर्धेस निघालेल्या खेळाडूची पेटी त्याच विमानांत चढली कीं नाहीं, हें विमान सुटण्यापूर्वीं त्यास कळविणें आजच्या यंत्रयुगांत अशक्य नाहीं. तसा रिवाज कंपन्यांनीं घालावा, आणि क्रीडासंघांनीं तो मागून घ्यावा.

तोंवर ज्यांच्या घरीं खेळणारीं मुलें आहेत त्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशींचें विमान घेऊं नये. मध्यें निदान एक मोकळा दिवस असावा. जें दुसऱ्याचें चालणार नाहीं आणि ज्यास बंदी नाहीं, तें हातांतल्या पिशवींत घ्यावें : धांवणाऱ्याचा जोडा, धनुर्धराच्या बोटांवरची चामड्याची पट्टी, छातीवरचें कवच, स्पर्धेचे कागद. धनुष्य जुळविण्याचे पाने व पकड मात्र पोटांत टाकावे, नाहीं तर तपासणीच्या दारावर त्यांस कायमचा रामराम करावा लागतो. विजेचा सांठा करणारी पॉवरबँक याच्या उलट हातांतच ठेवावी. ती पेटली तर खालीं विझविणारें कोणी नसतें. पेटी भरतांना प्रत्येक भागाचें छायाचित्र काढावें, खरेदीच्या पावत्या जपाव्या. पेटी आली नाहीं किंवा फुटलेली आली, तर विमानतळ सोडण्यापूर्वींच लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. परदेशच्या प्रवासांत मोडतोडीची तक्रार ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत लेखी द्यावी लागते. मौल्यवान अवजार असेल तर सोंपवितांनाच जादा किंमत जाहीर करून, तिचा आकार भरून, जबाबदारीची मर्यादा वाढवून घेतां येते. दोघे खेळाडू एकाच ओढीचे असतील तर एकानें दुसऱ्याचीं सुटीं पातीं आपल्या पेटींत घ्यावीं, म्हणजे एक पेटी चुकली तरी दोघांचाही खेळ उभा राहतो.

आमची नात आतां मोठ्यांच्या गटांत खेळते. पुढच्या महिन्यांत पुन्हां प्रवास आहे, आणि या खेपेस ती दोन दिवस आधीं निघणार आहे. विराटनगरीबाहेरच्या त्या शमीनें वर्षभर ऊन, वारा, पाऊस सोसला, आणि ज्या दिवशीं उत्तर तिच्यावर चढला त्या दिवशीं गांडीव जसें ठेवलें होतें तसें त्याच्या हातीं दिलें. विमानाच्या पोटाकडून आमचें मागणें याहून अधिक नाहीं. आणि तेथें तर प्रश्न वर्षाचा नाहीं, अवघ्या दोन तासांचा आहे.